गोडदेव नाक्यावरचे स्वयंसेवक

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी भाईंदर पूर्वेला कावळा मिळणं कठीण आणि भुकेला माणूस मिळणं त्याहून कठीण. कावळ्यांचं समजू शकतं. गोडदेव, नवघर, खारी या गावांच्या शेतांवर इमारती चढल्या, झाडं गेली, आणि घासासाठी गच्चीवर ताटकळलेल्या यजमानाकडे ढुंकूनही न बघण्याइतका शहाणपणा कावळ्यांना आला. माणसांची गोष्ट वेगळी. फुटपाथवर ती पूर्वीइतकीच आहेत, फक्त त्या दुपारी ती जेवून बसलेली असतात. अकराच्या सुमाराला पुरीभाजीचं पाकीट येतं. साडेबाराला मसालेभात येतो, पाठोपाठ प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून खीर येते, आणि अडीचला एका मंडळाचा टेम्पो पुन्हा पुरीभाजीच घेऊन येतो. नाक्याच्या आसपास पथारी टाकून राहणारा एखादा म्हातारा त्या दिवशी तीन घराण्यांचे पितर आणि एक भावी नगरसेवक अशा चौघांना तृप्त करतो. रात्री आठला त्याला भूक लागते तेव्हा कोणी नसतं. दुसऱ्या दिवशी तर घटस्थापना असते, म्हणजे निम्मं शहर स्वतःच उपाशी.

या सगळ्या व्यवहारात समाजसेवक कोण, याचा हिशेब आपल्याकडे उलटा मांडला गेला आहे, असं माझं म्हणणं आहे. मोबदला न घेता, स्वतःची गैरसोय सोसून, दुसऱ्याच्या समाधानासाठी राबतो तो स्वयंसेवक, ही व्याख्या सगळ्यांना मान्य असावी. आता ती लावून बघा. छापील टी-शर्ट घालून टेम्पोतून उतरलेला तरुण अर्ध्या तासात मोकळा होतो, त्याला सेल्फी मिळतो, कॉलेजचे गुण मिळतात किंवा कंपनीची सुट्टी मिळते. त्याची संस्था नोंदणीकृत असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते. पथारीवरच्या माणसाला मात्र भूक नसताना खावं लागतं, झोप आली असताना उठून बसावं लागतं, आणि ऊन डोळ्यांवर येत असताना कॅमेऱ्याकडे बघावं लागतं. पाकीट हातात पडलं की ते लगेच घेऊन चालत नाही. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात दोन्ही पाकिटावर असताना तीन-चार सेकंद थांबायचं असतं, कारण मागचा बॅनर फोटोत पूर्ण आलेला नसतो. हे कसब त्याला कोणी शिकवलेलं नाही, अनुभवाने आलेलं आहे. चेहरा कसा ठेवायचा हेही त्याला कळतं. फार हसून चालत नाही, गरजू वाटत नाही. फार रडवेलं होऊनही चालत नाही, कार्यक्रमाची शोभा जाते. एवढी सेवा बजावून त्याला प्रमाणपत्र नाही, चहापान नाही. त्याचं नावही कोणी लिहून घेत नाही, कारण फोटोखाली ‘गरजू बांधव’ एवढं पुरतं.

पुरावा म्हणून ब्लँकेटचं घ्या. मुंबई आणि तिच्या उत्तरेच्या या पट्ट्यात जानेवारीत किमान तापमान सरासरी सोळा-सतरा अंश असतं. चार-दोन रात्री त्याहून खाली जातात, तेव्हा उघड्यावर झोपणाऱ्याला, त्यातून म्हाताऱ्याला, ब्लँकेट हवंच असतं, हे खरं. पण याच पट्ट्यात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे इथला उघड्यावरचा माणूस थंडीने आठवडाभर कुडकुडतो आणि पावसाने चार महिने भिजतो. दान मात्र हिवाळ्यात पडतं. एखाद्या बाईकडे जानेवारीअखेर चार ब्लँकेटं जमलेली असतात आणि त्यांची चिंता करण्यात तिचा फेब्रुवारी जातो, कारण ब्लँकेट ठेवायला कपाट लागतं आणि कपाट ठेवायला घर. जुलैत तिला लागणारा ताडपत्रीचा तुकडा, नायलॉनची दोरी, रबरी चप्पल, डासांची अगरबत्ती आणि पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवरचं मलम यांचं वाटप झाल्याचा बॅनर सहसा दिसत नाही. पावसात वाटप करायचं तर वाटणारा भिजतो. शिवाय चिखल्यांच्या मलमाचा फोटो चांगला येत नाही.

पावसाळ्यात बेघरांना खरा आधार मिळतो तो राजकारणाचा, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. वाढदिवसाचे, नियुक्तीचे, दहीहंडीचे आणि ‘आपल्या हक्काचा माणूस’ असं सांगणारे फ्लेक्स या शहरात ज्या आकाराचे आणि ज्या जाडीचे लागतात, त्यांच्या तोडीचं छप्पर बाजारात विकत घ्यायचं तर काही हजार रुपये पडतील. सोहळा संपला की तो फ्लेक्स रात्रीत उतरतो आणि दोन बांबूंवर चढतो. आत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर हात जोडून उभे असलेले साहेब रात्रभर पाऊस झेलत असतात. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत त्यांच्याकडून कोणाला मिळालेला हा सर्वांत टिकाऊ लाभ असेल, आणि तो आपण दिला हे त्यांना ठाऊकही नसतं. गुप्तदान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? याउलट जे जाहीर दान त्यांनी समारंभाने केलेलं असतं, म्हणजे नाव छापलेली छत्री, तिच्या काड्या पहिल्या वाऱ्यात उलट्या होतात.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं सरकारने बघायचं काम आहे, सामान्य माणसाच्या भाबड्या चांगुलपणाची टिंगल कशाला? सरकारने बघायचं काम आहे हे तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवलं आहे. २०१० साली न्यायालयाने शहरांना बजावलं की दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तो वर्षभर आणि चोवीस तास उघडा हवा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची मापंही ठरली: पन्नास ते शंभर माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट. पन्नास चौरस फूट म्हणजे आपल्याकडच्या बिल्डरांच्या जाहिरातीत ‘प्रशस्त ड्राय बाल्कनी’. २०११च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही आठ निवारे होतात. ते कुठे आहेत हे गोडदेव नाक्यावर उभं राहून रिक्षावाल्याला विचारावं. ज्याला प्रत्येक टॉवरचं, बारचं आणि बँक्वेट हॉलचं नाव पाठ असतं, तो या प्रश्नावर मीटर बंद करून आपल्याकडेच विचारपूस सुरू करतो की साहेब, घरी काही झालं का.

बेघर मोजायचे कसे यातही मौज आहे. २०११ला देशभरात बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली. योगायोगाने त्या दिवशी मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा नववा वाढदिवस होता. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपात, देवळात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारा. थोडक्यात, ज्याला घर नाही त्याने त्या एका रात्री आपल्या ठरलेल्या जागी हजर असावं अशी अपेक्षा होती. हवालदाराने उठवून पुढे पाठवलेला, नाइट शिफ्टला लग्नाच्या हॉलमध्ये ताटं उचलणारा, नायर किंवा केईएम रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकाशेजारी पडलेला, असे सगळे त्या रात्री ‘घरी’ नव्हते. तरीही देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांवर माणसं सापडली. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात दिवसभर पॉलिश मारून रात्री त्याच यंत्राशेजारी चटई टाकणारा कामगार यात धरलाच जात नाही, कारण त्याच्या डोक्यावर पत्रा आहे. मालकाने गाळ्याला कुलूप लावलं की तो धरला जाईल. आणि जाता जाता: भाईंदर पूर्वेचे हे गाळे ताटवाट्या घडवून दूरदूर पाठवतात, पण त्यांच्या दारापाशी पडलेल्या माणसाला आपण जेवण देतो ते कागदी द्रोणात, ज्यातून आमटी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत जाते.

सरकार जिथे खरोखर तत्पर असतं ते वेगळं खातं. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याची बरीचशी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली, आपल्याकडे ती शाबूत आहेत. या कायद्यात भीक मागणारा तर येतोच, पण उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भिकेवर जगत असल्यासारखा फिरणारासुद्धा येतो. गुन्हा सिद्ध झाला तर भिक्षेकरीगृहात किमान एक वर्ष. आता डोळ्यांसमोर आणा: अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि फुटकं गाडगं, ना घर ना दार, गावोगाव फिरणारा आणि लोकांच्या अन्नावर जगणारा एक माणूस. कायद्याच्या शब्दांत तो अगदी फिट्ट बसतो. गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ला गेले, म्हणून वाचले. नाहीतर ज्यांच्या नावाने पुढे राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यांची रवानगी त्याच सरकारने चेंबूरला केली असती.

गाडगेबाबांचं उदाहरण मी भक्तिभावाने देत नाही, हिशेब म्हणून देतो. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र उघड्यावर राहिले. देणगीदारांची नाडी त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळत होती. एका दिवसाची पंगत घालायला शेठ लोक एका पायावर तयार असत, तेव्हाही आणि आत्ताही. त्यांना भिंती, संडास आणि विहीर यांच्याकडे वळवणं हे अवघड काम होतं आणि ते त्यांनी कीर्तनातून, प्रसंगी चारचौघांत कान उपटून केलं. दादरला त्यांच्या नावाने असलेल्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या माणसांची सोय होते. तिथे राहणाऱ्याला दुपारी अडीचला पुरीभाजी कोणी आणून दिली नाही तरी चालतं, कारण त्याच्याकडे दार आहे, नळ आहे आणि पिशवी ठेवायला जागा आहे. भुकेची सोय माणूस बरीचशी स्वतः करतो. नळाची सोय त्याला स्वतःला करता येत नाही.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: यांना पैसे दिले की दारू पितात. काही पितात. सोसायटीच्या गच्चीवर एकतीस डिसेंबरला जमणारेही पितात, पण त्यांच्या घराची चावी त्यावरून कोणी काढून घेत नाही. ‘आधी दारू सोड, मग निवारा देतो’ हा क्रम इतका सोज्वळ आहे की तो चुकीचा असेल अशी शंकासुद्धा येत नाही. फिनलंडने २००८पासून राष्ट्रीय धोरण म्हणून तो उलटा केला: आधी भाडेकरार आणि किल्ली, बाकीच्या गोष्टी नंतर आणि घरात बसून. तिथली बेघरांची संख्या त्यानंतर बरीच उतरली. भाईंदर म्हणजे हेलसिंकी नव्हे, हे मान्य. पण फुटपाथवर पडून दारू सोडणं कोणत्याही अक्षांशावर सोपं नाही. दुसरा आक्षेप: दिलेलं ब्लँकेट विकून टाकतात. विकणारच. चार ब्लँकेटं असलेल्या आणि चप्पल नसलेल्या माणसाने तीन विकून चप्पल घेतली, तर त्याला अर्थव्यवहार कळतो असं म्हणायला हवं. लग्नात आलेले चौदा डिनर सेट वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवून पुढच्याच्या लग्नात खपवणाऱ्या आपल्या समाजाने या बाबतीत फार बोलू नये.

तिसरा आक्षेप जास्त घरंदाज: फुकट देऊन आपण यांना ऐतखाऊ करतो, यांनी काम करावं. काम तर यातले बहुतेक करतातच. सकाळी नाक्यावर बिगारी म्हणून उभा राहणारा, केटररकडे रोजावर वाढपी होणारा, भंगार आणि पुठ्ठा वेचणारा, मंडपाचे बांबू वाहणारा, असा माणूस काम करतो म्हणून तर इथे आहे. काम आहे आणि घर नाही, कारण रोजीच्या पैशांत खोलीचं भाडं कदाचित बसतं, डिपॉझिट बसत नाही. म्हणूनच शहराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला निवारा ओस पडतो आणि मग ‘दिलं तरी येत नाहीत’ असा चौथा आक्षेप तयार होतो. सकाळी सातला नाक्यावर उभं राहायचं असलेला माणूस नाक्याजवळच झोपणार. त्यात नवऱ्याला एका निवाऱ्यात, बायकोला दुसऱ्या आणि गाठोडं कुठेच नाही अशी व्यवस्था असेल, तर तो तिसरा पर्याय म्हणून फुटपाथच निवडणार. आपल्यापैकी कोणीही तेच केलं असतं. आणि हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे असं समजण्याइतकं हे शहर पक्कं बांधलेलंही नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. ज्यांच्या दारावर नोटीस चिकटते, ती माणसं काल वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत असतात.

उरला तो सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत अवघड आक्षेप: निदान काहीतरी तर करतायत ना लोक? घरी बसून टीका करणाऱ्यांपेक्षा बरे. हा मला निम्मा मान्य आहे. पुरीभाजीने त्या वेळची भूक भागते, आणि भूक भागणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पाकीट देताना दोन माणसांची नजरानजर होते, हेही काही कमी नाही. हरकत आहे ती एवढीच की ‘काहीतरी’ म्हणजे काय हे प्रत्येक वेळी देणारा एकटाच ठरवतो. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो आणि भावात घासाघीस करतो. दान देताना मात्र समोरच्याला ‘तुला काय हवंय?’ एवढं विचारायला आपल्याला अवघडल्यासारखं होतं. विचारलं तर तो काहीतरी सांगेल ही भीती असते. आणि तो सांगतोही. बोरिवलीला, म्हणजे भाईंदरपासून तिसऱ्या स्टेशनावर, डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याचं काम सुरू झालं ते एका तरुणाला करवंटीने गटाराचं पाणी पिताना पाहून. उपचारानंतर तो बोलू लागला तेव्हा कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे आणि आंध्रात त्याचं घर आहे. १९८८पासून त्यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने अशा हजारो माणसांना आधी बोरिवलीत आणि पुढे कर्जतला औषधपाणी करून त्यांच्या गावी पोचवलं, आणि डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी त्या तरुणाच्या हातात पुरीभाजी ठेवली असती, तर त्याने ती खाल्ली असती आणि वरून तेच पाणी प्यायला असता.

तुम्ही विचारलंत तर गोडदेव नाक्यावरचा माणूस बहुधा इतकं मोठं काही सांगणार नाही. तो सांगेल की सकाळी संडासला जायला पैसे लागतात आणि आंघोळीला त्याहून जास्त. त्याचं आधार कार्ड एका पावसात गेलं आणि नवं काढायला पत्ता विचारतात. कामावर जाताना गाठोडं झाडाच्या बेचक्यात ठेवलं तर संध्याकाळी ते कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं असतं. जखमेचं ड्रेसिंग दर तिसऱ्या दिवशी बदलायला सांगितलंय आणि दवाखाना त्याच्या रोजीच्या वेळेतच उघडा असतो. म्हणजे स्वयंसेवक हवाच असेल तर तो जुलैतल्या मंगळवारी हवा, टी-शर्ट नसलेला, सोबत फॉर्म भरायला बसणारा आणि दवाखान्याच्या रांगेत नंबर लावणारा. हे काम फारच कंटाळवाणं आहे. त्याचं रील होत नाही.

पण हौशी देणगीदाराला यातून वगळण्याचं कारण नाही. आपल्या देवळांमधल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं असतात, बाकांवर नावं असतात, पाण्याच्या टाकीवर तर तीन पिढ्यांची वंशावळ असते. मग सार्वजनिक शौचालय आणि न्हाणीघराचे मासिक पास वाटायला काय हरकत आहे? महिनाभराच्या संडास-आंघोळीचा पास, त्यावर ‘कै. अमुकतमुक यांच्या पुण्यस्मरणार्थ’ असं ठळक अक्षरांत छापलेलं, हवा तर कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा फोटो. सर्वपित्रीच्या दिवशी पितर एकदाच जेवतात आणि तेही कावळा आला तर. इथे आजोबांच्या नावाने एक माणूस रोज सकाळी वेळेवर मोकळा होईल, साबण लावून आंघोळ करेल आणि कामावर जाईल, असे तीस दिवस. घरात याला विरोध होणार हे उघड आहे. आत्या म्हणेल, बाबांच्या नावाने संडास? मोठा काका म्हणेल, पुरीभाजीच बरी, निदान सांगता तरी येते. आजोबांना स्वतःला काय आवडलं असतं हे कोणी नक्की सांगू शकणार नाही. मात्र त्यांची उभी हयात चाळीत, हातात टमरेल घेऊन रांगेत उभं राहण्यात गेली असेल, तर निदान तेवढा मुद्दा चर्चेला घेण्यासारखा आहे.